स्मार्ट बोर्डाचे पैसे वसूल होतात का? शाळेतला डिजिटल खर्च पालकांनी कसा तपासावा

मागच्या वर्षी कोपरखैरण्यातल्या माझ्या मुलाच्या शाळेत कार्यकारी समितीसाठी चिठ्ठ्या काढल्या आणि सातवीच्या पालकांमधून माझं नाव निघालं. पहिल्याच बैठकीत हातात आलेल्या कागदावर एक ओळ होती: ‘डिजिटल सुविधा शुल्क, प्रति विद्यार्थी वार्षिक ३,००० रुपये.’ मी महाप्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. आमच्याकडे तीन हजारांचं बेअरिंग घ्यायचं तरी ते कुठे बसणार, किती वर्षं चालणार आणि बिघडलं तर कोण येणार हे लिहून द्यावं लागतं. इथे त्या एका ओळीमागे काहीच जोडलेलं नव्हतं. घरी आल्यावर मुलाला विचारलं, या आठवड्यात वर्गातल्या पॅनलवर, म्हणजे स्मार्ट बोर्डावर, काय केलंत? तो म्हणाला, “आई, बाईंनी एक व्हिडिओ लावला होता. मग नेट गेलं.”

त्यानंतर वर्षभर कागद मागवून, वर्गांत बसून, शिक्षकांशी बोलून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने मांडते. ठाणे असो की नवी मुंबई, महापालिकेची शाळा असो की लाखभर फी घेणारी, ही पद्धत थोड्या फरकाने सगळीकडे चालेल. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पण त्याच्या नावाने घेतलेल्या रुपयातून मुलांच्या हाताला आणि डोक्याला किती मिनिटं काम मिळालं, हे मोजल्याशिवाय त्या खर्चाला मान हलवायची नाही, असं मी ठरवून टाकलं आहे.

पहिली पायरी: दार कोणतं ते ओळखा

माहिती कुणाकडे मागायची हे शाळेच्या प्रकारावर ठरतं. पुष्कळ पालक चुकीच्या दारावर थापा मारून दमतात, म्हणून हे आधी.

शाळा महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळा विकास आराखडा करणं हे या समितीचंच काम आहे, म्हणजे प्रोजेक्टर आणि संगणक कक्षाचा विषय तिच्या टेबलावर यायला हवा. समितीत उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा ‘डिजिटल खर्चाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. अमुक दोन शैक्षणिक वर्षांतले खरेदी आदेश, बिलं, देखभाल करार आणि डेडस्टॉक रजिस्टरची संबंधित पानं यांच्या प्रती, असं नेमकं मागा. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे जडवस्तूसंग्रह नोंदवही, हा सगळ्यात बोलका कागद. वस्तू कधी आली, किती नग आले, कितीला आले आणि कधी निर्लेखित झाली, सगळं त्यात असतं.

खासगी विनाअनुदानित शाळेत मार्ग वेगळा आहे. तिथे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ लागू होतो. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती शुल्काला मान्यता देते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, उपाध्यक्ष पालक, सचिव शिक्षक, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. पालक सोडतीने येतात, त्यामुळे इच्छुकांच्या यादीत नाव घालणं एवढं तुमच्या हातात असतं, ते घाला. व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो आणि ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षं टिकतं. म्हणजे जूनमध्ये भरणाऱ्या शाळेसाठी डिसेंबर आणि एप्रिलमध्ये भरणाऱ्या सीबीएसई शाळेसाठी सप्टेंबर हा खरा महिना. मार्चमध्ये फीची पावती हातात पडल्यावर प्रश्न विचारणारे पालक मी दरवर्षी पाहते. त्यांचा प्रश्न बरोबर असतो, वेळ निघून गेलेली असते.

दोन गोष्टी मात्र कुणालाही न विचारता मिळतात. प्रत्येक शाळेला यू-डायस हा ११ अंकी सरकारी ओळखक्रमांक असतो. ‘नो युवर स्कूल’ या सरकारी पोर्टलवर तो टाकला की शाळेने स्वतः भरलेली माहिती दिसते: संगणक, लॅपटॉप, टॅबलेट, प्रोजेक्टर, डिजिटल बोर्ड, इंटरनेट. सीबीएसई शाळा असेल तर तिच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ हे पान असावंच लागतं. त्यात शुल्करचना, पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांची यादी, संगणक प्रयोगशाळा आणि इंटरनेटची नोंद असते. दोन्हींची प्रिंट काढा. पुढच्या पायरीला ती हातात हवी.

दुसरी पायरी: शाळा भरलेली असताना एक फेरी

मुख्याध्यापकांची रीतसर वेळ घ्या, पण ओपन हाउसचा शनिवार घेऊ नका. त्या दिवशी सगळे पडदे उजळलेले असतात. साध्या मंगळवारी, तिसऱ्या-चौथ्या तासिकेला जा.

वर्गात शिरल्यावर पॅनल किती इंची आहे ते विचारत बसू नका. रिमोट आणि पेन कुठे आहेत ते बघा. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात असतील तर ते आणायला मुलाला पाठवावं लागतं आणि ३५ मिनिटांच्या तासिकेतली पाच तिथेच जातात. बटण दाबल्यापासून धडा दिसायला किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजा. शेवटच्या बाकावर बसून अक्षरं वाचता येतात का ते स्वतः बसून बघा. पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या वर्गात दुपारच्या अधिवेशनात ऊन थेट पडद्यावर येतं. आमच्या शाळेतल्या अशा दोन वर्गांत पॅनल फक्त सकाळच्याच मुलांच्या कामाचं होतं. उपाय होता खिडक्यांना जाड पडद्यांचा, शिंप्याकडून शिवून घेतलेल्या. दोन वर्षं तो कुणी सुचवला नव्हता, कारण शिक्षकांना वाटत होतं की तक्रार केली तर ‘तुम्हाला वापरता येत नाही’ असं म्हणतील.

संगणक कक्षात यादीवरचा आकडा आणि चालू असलेल्या यंत्रांचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत किल्ली दोन्ही वेळांना कुणाकडे असते हेही विचारा. आपल्या भागात खाडीची दमट, खारी हवा आहे. मे महिनाभर बंद पडलेली यंत्रं जूनमध्ये सुरू होत नाहीत, मग गणेशोत्सव उलटेपर्यंत दुरुस्तीवाल्याची वाट बघितली जाते. सुट्टीत आठवड्यातून एकदा सगळी यंत्रं तासभर चालू ठेवायची जबाबदारी कुणावर आहे, हा प्रश्न साधा वाटतो. उत्तर बहुतेक ठिकाणी ‘कुणावरच नाही’ असं येतं.

तिसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

सगळ्यात जास्त उजेड इथे पडतो, म्हणून सावकाश सांगते.

प्रत्येक पॅनलजवळ किंवा संगणक कक्षाच्या दारात एक शंभरपानी वही दोरीने बांधा. सहा रकाने आखा: तारीख, इयत्ता-तुकडी, विषय, किती मिनिटं, काय केलं, काय अडलं. शिक्षकाच्या नावाचा रकाना ठेवू नका. हे मी पहिल्या बैठकीत सांगायला विसरले आणि शिक्षक-प्रतिनिधींचे चेहरे लगेच बंद झाले. वही शिक्षकांना मोजण्यासाठी आहे असा नुसता वास आला तरी तिच्यात खरं उतरत नाही. मुख्याध्यापिकांनी स्वतः उभं राहून सांगितलं, “ही नोंद यंत्राची आहे, तुमची नाही,” तेव्हा कुठे वह्या भरायला लागल्या. लिहिण्याचं काम वर्गमंत्र्यांकडे दिलं तर अजून बरं. मुलं फार प्रामाणिक लिहितात.

दोन आठवडे, म्हणजे बारा कामाचे दिवस, पुरतात. चाचणी परीक्षेचे किंवा गॅदरिंगच्या तयारीचे दिवस निवडू नका. मग ‘काय केलं’ हा रकाना घेऊन बसा आणि प्रत्येक नोंदीला चारांपैकी एक खूण करा.

‘दाखवलं’: व्हिडिओ, चित्र, पाठ्यपुस्तकाचं पान. मुलं बघत होती.
‘सराव’: मुलांनी स्वतः उत्तरं दिली आणि चूक की बरोबर ते त्यांना तिथेच कळलं.
‘बनवलं’: मुलांनी काहीतरी केलं. आलेख काढला, गोष्ट टाइप केली, छोटा प्रोग्रॅम लिहिला, नकाशावर नद्या काढल्या.
‘शिक्षकाचं काम’: गुण भरणं, प्रश्नपत्रिका, हजेरी.

‘दाखवलं’ वाईट नाही. आठवीच्या विज्ञानात पेशीविभाजन खडूने काढून समजावणं आणि हलताना दाखवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ज्या मुलाने समुद्रापलीकडे कधी काही पाहिलं नाही त्याला वाळवंटाचा व्हिडिओ मिळालाच पाहिजे. पण जवळजवळ सगळ्या नोंदी त्याच एका रकान्यात जात असतील तर शाळेने महाग किमतीत टीव्ही घेतला आहे. तेवढंच काम निम्म्याहून कमी पैशांच्या साध्या प्रोजेक्टरने किंवा मोठ्या टीव्हीने झालं असतं. आमच्या वह्यांत बहुतेक नोंदी ‘दाखवलं’मध्येच गेल्या. ‘बनवलं’ खाली आलेल्या थोड्या नोंदी दोनच तुकड्यांतल्या होत्या, आणि त्या दोन तुकड्यांचे भूगोलाचे सर एकच होते. हे वहीत नाव न लिहिताही कळलं, आणि पुढे शाळेने त्यांनाच इतर शिक्षकांसमोर एक पाठ घ्यायला सांगितलं. वहीतून आलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट.

‘काय अडलं’ हा रकाना वेगळा वाचा. नेट गेलं, पासवर्ड बदलला, आवाज येत नाही, पेन चालत नाही. यातल्या बऱ्याच अडचणी काही शे रुपयांच्या स्पीकरने किंवा भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदाने सुटतात. व्हिडिओ आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवला की नेटवर अवलंबून राहावं लागत नाही, हे तर फुकटच.

चौथी पायरी: एका तासिकेची किंमत काढा

आता पैसे. शाळेकडून मिळालेले आकडे घाला. मी इथे हिशेब समजावा म्हणून आकडे धरते.

एका वर्गासाठी पॅनल, वायरिंग आणि बॅटरी बॅकअप मिळून १,६०,००० रुपये. अभ्यासक्रमाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी वर्षाला २५,०००, पाच वर्षांचे १,२५,०००. तीन वर्षांची वॉरंटी संपल्यावर दोन वर्षं देखभाल करार, १२,००० प्रमाणे २४,०००. वीज पाच वर्षांची मिळून १०,०००. बेरीज ३,१९,००० रुपये. नीट बघा: पॅनलची किंमत या बेरजेच्या निम्मीच आहे. कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात असते ती तेवढीच.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस आहेत. रोज एक तासिका वापर झाला तर पाच वर्षांत १,१०० तासिका, म्हणजे तासिकेला २९० रुपये. आठवड्याला दोनच तासिका वापर झाला तर वर्षाला साधारण ७२, पाच वर्षांत ३६०, म्हणजे तासिकेला जवळजवळ ८८६ रुपये. रोज पाच तासिका झाल्या तर ५८ रुपये. तेच यंत्र, तीच भिंत, आणि किंमत पंधरापट इकडे-तिकडे. वहीतल्या मिनिटांचं मोल इथे लागतं.

दुसरी बाजूही मांडा. वर्गात ४५ मुलं, प्रत्येकी ३,००० रुपये, वर्षाला १,३५,०००, पाच वर्षांत ६,७५,०००. खर्च ३,१९,०००. मधली रक्कम कुठे जाते हे विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे. ती संगणक शिक्षकांच्या पगारात, इंटरनेटच्या बिलात, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये जात असू शकते आणि तो खर्च रास्तही असू शकतो. पण मग त्या ओळीचं नाव तसं हवं, आणि पाच वर्षांनी नवं पॅनल घेताना ‘नवा खर्च’ म्हणून पुन्हा शुल्कवाढ मागता येणार नाही. मी बैठकीत एवढंच विचारलं होतं की यंत्र बदलण्यासाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला टाकली जाते का. टाकली जात नव्हती.

चालू खर्च मूळ किमतीला गाठतो, हा माझा खासगी अंदाज नाही. समग्र शिक्षा योजनेत केंद्र सरकारने शाळेच्या संगणक कक्षासाठी एकदाचे ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत अनुदान धरलं आहे. पाच वर्षांचे १२ लाख, म्हणजे उभारणीच्या जवळजवळ दुप्पट. जी शाळा फक्त उभारणीचे पैसे धरून खरेदी करते, तिच्या कक्षाला तिसऱ्या वर्षी कुलूप लागतं.

पाचवी पायरी: कोणत्या अडचणीसाठी घेतलं होतं?

हा प्रश्न खरेदीआधी विचारायचा असतो. खरेदी होऊन गेली असेल तरी विचारा, कारण उत्तर नसणं हेही उत्तरच आहे. ‘काळाबरोबर राहायला हवं’ ही अडचण नव्हे. ‘पाचवीतल्या बऱ्याच मुलांना भागाकार येत नाही’ ही अडचण आहे.

जगभर या प्रश्नावर बरंच संशोधन झालं आहे आणि त्यातलं काही आपल्या शेजारचं आहे. पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ प्राथमिक शाळांतल्या अभ्यासात साधारण १५ महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. यंत्रं पोचली होती, शिकवणं होतं तसंच राहिलं होतं. उलट वडोदऱ्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने महापालिका शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं अशी गणिताच्या खेळांची संधी दिली, तेव्हा गणितात ठळक सुधारणा झाली. गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत झालेला अभ्यास मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. संगणकावरचा सराव शिक्षिकेच्या शिकवण्याच्या वेळेतून काढून घेतला तेव्हा मुलं मागे पडली. तोच सराव शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच, वेळापत्रकातली जागा वेगळी.

दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत मुलं ४५ मिनिटं सॉफ्टवेअरवर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिक्षकाकडे शिकत. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मोठी सुधारणा दिसली. कारण समजून घेण्यासारखं आहे: ते सॉफ्टवेअर मूल ज्या पातळीवर आहे तिथून प्रश्न देत होतं. सातवीतलं मूल चौथीच्या गणितावर अडलं असेल तर चौथीपासून. पन्नास मुलांच्या वर्गात एका बाईंना हे करणं शक्य नाही. यंत्राने काम करावं ते इथे.

तेव्हा शाळेत करायचं असं: एक इयत्ता, एक विषय, एक अडचण निवडा. वीस गणितांची साधी चाचणी आधी घ्या. तीन महिने ठरलेल्या वेळी ठरलेला सराव करा. पुन्हा तशीच चाचणी घ्या. शक्य असेल तर एका तुकडीत सराव, दुसरीत नेहमीचं, आणि पुढच्या सत्रात उलट, म्हणजे कुणावर अन्याय नाही. हे काही शास्त्रीय संशोधन होणार नाही, पण विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेपेक्षा तुमच्या शाळेबद्दल जास्त सांगेल. त्या पुस्तिकांवर विसंबू नये याला आधारही आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंद आहे की ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्के कंपन्यांनी आपल्या उत्पादनाची नीट तुलनात्मक चाचणी केली होती, आणि अमेरिकेत शाळांनी घेतलेले शैक्षणिक सॉफ्टवेअरचे परवाने सरासरी ६७ टक्के वापराविना पडून होते.

शिक्षकांचं ऐकून घ्या

हिला पायरी म्हणत नाही, कारण ही गोष्ट सगळ्या पायऱ्यांत मुरायला हवी. आमच्या शाळेत प्रशिक्षण म्हणजे पॅनल बसवल्यावर कंपनीच्या माणसाने दोन तास बटणं दाखवली, तेवढंच. त्यानंतर जनगणना, निवडणूक, निपुण भारतच्या नोंदी, ऑनलाइन हजेरी ही सगळी कामं त्याच शिक्षकांच्या डोक्यावर. मला एका बाईंनी सांगितलं, “एका तासिकेचा चांगला डिजिटल पाठ तयार करायला मला घरी दोन तास लागतात. ते दोन तास कुठून आणू?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी वेळापत्रकात आठवड्याला एक रिकामी तासिका फक्त पाठ तयार करण्यासाठी आणि एका विषयाच्या शिक्षकांनी पाठ वाटून घ्यायचे, असा मार्ग निघाला. याला एक रुपया लागला नाही. समितीत असाल तर नव्या यंत्राआधी ही तासिका मागा.

सहावी पायरी: नवं कोटेशन समोर आलं तर

इथे माझा रोजचा अनुभव कामाला आला. कोटेशन एकच असेल तर बैठक पुढे ढकला. किमान तीन हवीत आणि तिन्हींत एकाच क्षमतेची वस्तू हवी. मग हे मुद्दे लेखी मागा.

बिघाड कळवल्यापासून किती तासांत माणूस येणार आणि नाही आला तर काय. सेवा केंद्र ठाणे-नवी मुंबईत आहे की पुण्याहून माणूस येणार. वर्गणी थांबवली तर पॅनल साध्या फळ्यासारखं तरी चालेल का, शिक्षकांनी तयार केलेले पाठ बाहेर काढता येतील का. काही करारांत यंत्र ‘मोफत’ आणि वर्गणी पाच वर्षांची बांधलेली असते. तिथे वर्गणी गुणिले मुलं गुणिले वर्षं हा गुणाकार तिथल्या तिथे करा. आशय राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या पुस्तकांशी जुळतो का, हे सहावीच्या गणिताचं आणि मराठीचं एकेक प्रकरण उघडायला लावून बघा. मी पाहिलेल्या एका नमुन्यात मराठी म्हणजे यंत्राने केलेलं भाषांतर होतं. ‘छेद’ आणि ‘अंश’ यांची अदलाबदल झालेली होती. अशा गोष्टी विषयशिक्षकाला पाच मिनिटांत दिसतात, म्हणून प्रात्यक्षिकाला संस्थाचालकांबरोबर विषयशिक्षक बसलेच पाहिजेत.

कंपनीने दिलेल्या शाळांच्या यादीतून एक शाळा निवडा, आणि विक्रेत्याला बरोबर न घेता तिथल्या शिक्षकांना भेटा. त्यांना एकच विचारा: काल कोणत्या तासिकेला वापरलं?

शेवटी, सगळ्या वर्गांत एकदम नको. दोन वर्गांत एक सत्र, मग पुढचं. सहामाहीत वही आणि चाचणी बघून उरलेल्याचा निर्णय.

मुलांच्या माहितीबद्दल दोन शब्द. बऱ्याच अॅपमध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो, गुण जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व आहे. शैक्षणिक कामापुरत्या शाळांना काही सवलती असल्या तरी माहिती कुठे साठवली जाते, कुणाला दिली जाते आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसली जाते का, हे करारात लिहून घ्या.

कमी पैशात काय होतं

महापालिकेच्या किंवा छोट्या संस्थेच्या शाळेतल्या पालकांनी इथपर्यंत वाचून ‘आपल्याकडे कुठे एवढे पैसे’ असं म्हणू नये. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषदेची शाळा संदीप गुंड या शिक्षकांनी मोठ्या बजेटशिवाय डिजिटल केली आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. छापील कोडचा खर्च जवळजवळ शून्य. दोन्ही ठिकाणी आधी शिक्षकाला काहीतरी शिकवायचं होतं, यंत्र मागून आलं.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत, २०१७ पासून दीक्षा हे सरकारी शिक्षण अॅप मोफत आहे. एक प्रोजेक्टर, एक चांगला स्पीकर, चाकांच्या टेबलावर ठेवलेला एक लॅपटॉप आणि तो कोणत्या वर्गात कधी जाणार याचं दारावर लावलेलं वेळापत्रक, एवढ्यावर ‘दाखवलं’चं सगळं काम भागतं. उरलेले पैसे दहा-बारा टॅबलेटवर घाला आणि ते सरावासाठी आळीपाळीने फिरवा. नवी मुंबईत आणि वागळे इस्टेटच्या बाजूला कंपन्या बदललेले लॅपटॉप सामाजिक उपक्रमातून देतात. घ्या, पण बॅटरी आणि चार्जर तपासून, आणि डेडस्टॉकला नोंद करूनच.

बैठकीत मांडताना

सगळं जमवून झाल्यावर मी एक पान केलं. डाव्या बाजूला यादीवरची यंत्रं आणि चालू यंत्रं, उजव्या बाजूला वहीतली मिनिटं, खाली एका तासिकेची किंमत. नावं नाहीत, विशेषणं नाहीत. बैठकीच्या चार दिवस आधी ते मुख्याध्यापिकांना नेऊन दाखवलं, म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना अनपेक्षित धक्का बसणार नाही. त्या बराच वेळ पान बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, हे मलाच हवं होतं. संस्थेकडे दुरुस्तीचे पैसे मागायला माझ्याकडे काही कागदच नव्हता.”

ठरावात तारखा घाला. आमच्या इतिवृत्तात असं आलं: बंद यंत्रांची दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीत, दोन पश्चिमेच्या वर्गांना पडदे पंधरा दिवसांत, पाठतयारीची एक तासिका दुसऱ्या सत्रापासून, डिजिटल शुल्काचा जमा-खर्च पुढच्या प्रस्तावासोबत लेखी, नवीन पॅनलची खरेदी एक सत्र स्थगित, वह्यांची पुढची तपासणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. इतिवृत्ताची सही झालेली प्रत त्याच दिवशी मागून घ्या. व्यवस्थापनाने हिशेब दिलाच नाही तर पालकांची लेखी मागणी शाळेत पोच घेऊन द्या आणि त्या पोचेची प्रत जोडून शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज करा. विनाअनुदानित शाळेने सरकारकडे दिलेले कागद त्या कार्यालयातून माहितीच्या अधिकारातही मागता येतात.

फेब्रुवारीत वह्या पुन्हा काढल्या. शुल्क होतं तेवढंच राहिलं होतं. पडदे लागले होते, दोन यंत्रं अजून बंद होती. सातवी ‘ब’च्या वहीत ‘काय केलं’ खाली वर्गमंत्र्याने पेन्सिलने लिहिलं होतं: ‘अपूर्णांक. सगळ्यांनी एकेकदा केलं. माझं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आलं.’